निजरानाचा राब

पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर सभा घेण्यात एक मोठी सोय असते. कोणाचं काही ऐकूच येत नाही, त्यामुळे कोणाचा अपमानही होत नाही. दहिवलीतल्या गिरणीच्या वर ‘निजरान वाचक मंडळा’ची बैठक दर रविवारी भरायची. खाली तांदळाचं पीठ पडत असायचं आणि वर मंडळी घसा ताणून साहित्यचर्चा करायची. उतरताना सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि सगळे एकजात थोर विचारवंत दिसायचे. त्या रविवारी मात्र आवाज गिरणीच्याही वर गेला, कारण ‘निजरान’वर पिक्चर निघणार ही बातमी पक्की झाली होती.

‘निजरान’ म्हणजे काय ते आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मंडळाचे अध्यक्ष मनोजदादा सांगायला बसतील आणि ते पाचही भाग पानापानाने सांगतात. निजरान हे एक रान आहे. त्यात पाऊल टाकलं की माणूस झोपतो आणि उठत नाही. हरवलेल्या बैलाच्या मागे गावातली सगळी पोरं त्या रानात शिरतात आणि तिथेच झोपून जातात. राजे येतात, मांत्रिक येतात, तेही एकेक करून घोरायला लागतात. शेवटी भस्मी नावाची एक म्हातारी येते. हातात अर्धं जळकं लाकूड. रानात पाऊल न टाकता ती बाहेरूनच, वाऱ्याच्या उलट्या अंगाने, रान पेटवते. आग तिचं ऐकते. रान जळतं, पोरांना धगसुद्धा लागत नाही, आणि पापण्यांवर राख घेऊन पोरं उठून बसतात. पाच भागांत आणखी पुष्कळ काही आहे, पण वाचणारा बाकीचं विसरला तरी त्याला हे विसरता येत नाही.

दीक्षाने ते वाचलं तेव्हा ती पाचवीत होती. कडावातल्या घरी तिची आई येसूबाई चुलीपुढे भाकऱ्या थापायची आणि दीक्षा शेजारी बसून मोठ्याने वाचायची. येसूबाईला अक्षरओळख नव्हती, पण ऐकण्यात तिचा हात कोणी धरला नसता. मधेच थांबवून ती विचारायची, “त्या पोरांच्या आया काय करतात गं आत्ता?” पुस्तकात आयांचा पत्ताच नव्हता, त्यामुळे दीक्षाला पदरचं काहीतरी सांगावं लागायचं. पोरं रानात झोपली त्या दिवशी दीक्षाने भोकाड पसरलं आणि ती उठेपर्यंत जेवणार नाही म्हणून ताट ढकललं. येसूबाईने समजूत घालण्यात वेळ दवडला नाही. “मग वाच पुढं लवकर,” म्हणाली. भस्मीने रान जाळलं, पोरं उठली आणि मग मायलेकी जेवल्या.

भस्मीचं वर्णन पुस्तकात दोनच ओळींत आहे. कपाळावर आठी, पदर कमरेला खोचलेला, अंगाला धुराचा वास. आता असल्या बाया कडावात घरटी एक निघतील, पण दीक्षाला पहिल्यापासून भस्मीच्या जागी आई दिसली ती दिसलीच. हे तिने कोणाला कधी सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. आता ती तिशीला आली होती, कर्जतच्या बाजारात चष्म्याच्या दुकानात कामाला होती, लोकांना काचेतून खालची ओळ वाचायला लावायची. तरी दर पावसाळ्यात एकदा ती पुस्तक काढायची आणि त्या पानावर आई पदर खोचून उभी असायची. खरी आई हळूहळू वाकत चालली होती. पुस्तकातली तशीच ताठ होती, आणि ती तशीच राहावी एवढंच दीक्षाला हवं होतं.

म्हणूनच मनोजदादांनी मोबाइल उंच धरून “भस्मीचं काम कोण करतंय बघा!” असा टाहो फोडला तेव्हा सगळ्यात आधी दीक्षा पुढे सरकली. फोटोत एक मालिकेतली पोरगी होती. गालावर खळी, इस्त्री केल्यासारखे केस, वय जेमतेम कॉलेज सुटल्याचं.

“भस्मी तरुण केली! आणि ऐका, ऐका, रान जाळायचंच नाही म्हणे. नायक गाणं म्हणतो आणि रान जागं होतं!” मनोजदादा ओरडले.

माळ्यावर हाहाकार उडाला. एकाने टेबलावर मूठ आपटली आणि पिठाचा ढग उठला. मनोजदादा गाड्यांचे विमे उतरवायचे. अपघातात चेपलेल्या गाड्या शांतपणे बघायची त्यांना सवय होती, पण त्या दिवशी त्यांचे डोळे भरून आले होते. दीक्षाला एकच दिसत होतं. पिक्चर लागेल, आपण नको नको म्हणत बघू, आणि मग पुढच्या पावसाळ्यात पुस्तक उघडलं की त्या पानावर ही खळीवाली उभी असेल. एकदा बघितलेलं डोळ्यांतून पुसायचं कसं? चष्म्याच्या दुकानात त्यावर काही इलाज नव्हता.

नेमक्या त्याच वेळी जिन्यातून पेढ्यांचा पुडा घेऊन संध्याताई वर आल्या. संध्याताई म्हणजे ‘निजरान’च्या लेखिका. खालापूरच्या पोस्टात नोकरी करता करता त्यांनी पाचही भाग लिहिले आणि आता पेन्शन घेऊन निवांत होत्या. मंडळाच्या त्या मानद सदस्य होत्या, म्हणजे चहाची वर्गणी त्यांना माफ होती.

“काय मजा आहे नाही?” त्या ओरडून म्हणाल्या. “मला शूटिंगला बोलावलंय. माझ्या नावाची खुर्ची असणार आहे.”

“ताई, ते भस्मीला तरुण करतायत!” मनोजदादा किंचाळले.

“करू देत की. मी तिला म्हातारी का केली होती ते मलाही आता आठवत नाही.”

गिरणी चालू असूनही हे वाक्य सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं. मंडळाची तातडीची बैठक त्याच बैठकीच्या पोटात घेण्यात आली आणि पुस्तकाशी निष्ठा नसल्याच्या कारणावरून लेखिकेला मंडळातून काढून टाकण्याचा ठराव मांडला गेला. हात वर झाले. संध्याताईंनीही हात वर केला, कारण ठराव एकमताने झाला तर बरं दिसतं असं त्यांना पोस्टातल्या अनुभवावरून वाटत होतं. मग पेढे तिथेच ठेवून त्या निघून गेल्या. ते मात्र मंडळाने परत केले नाहीत.

दीक्षा घरी पोचली तर ओसरीवर एक पोरगी आईबरोबर चहा पीत बसलेली. गळ्यात वॉकीटॉकी, पायात ट्रेकिंगचे बूट. ती जागृती, पिक्चरची सहायक दिग्दर्शक. कंपनीला निजरान उभं करायला जागा हवी होती आणि तिने सगळा तालुका पालथा घालून शोधलेली जागा म्हणजे येसूबाईचं भाताचं खाचर.

“आई, तू हो म्हणालीस?”

“म्हटलं की. खाचर रिकामंच हाय. फक्त राब भाजायच्या आधी जागा मोकळी करा म्हटलं. ही पोर चांगली हाय गं, चहा स्वतः ओतून घेतला हिनं.”

म्हणजे शत्रूला जमीन घरच्यांनीच दिली. हे मंडळाला कळलं तर लेखिकेच्या मागोमाग आपलाही नंबर लागणार हे दीक्षाला कळून चुकलं. तिने मनोजदादांना फोन करून खरं ते सांगितलं. मनोजदादा एकदम खूश झाले. “उत्तम! म्हणजे बांधावर उपोषणाला बसायला परवानगी मागायला नको!”

तर येसूबाईच्या खाचरात एकीकडे रान उभं राहायला लागलं आणि बांधावर मंडळाचा मांडव पडला. रान उभं राहायला लागलं असं म्हणायचं ते सवयीने, कारण ते उभं नव्हतंच. ते आडवं होतं. दिग्दर्शकाने रात्रंदिवस विचार करून असं काढलं होतं की निजरानात माणसं झोपतात कारण मुळात ते रानच झोपलेलं आहे, आणि झोपलेलं झाड उभं कसं राहील? म्हणून सगळं रान खाचरात निजवायचं ठरलं. ट्रकातून ऐनाच्या फांद्या आल्या, त्या जमिनीवर ओळीने आडव्या टाकल्या. त्यांच्यावर पांघरूण म्हणून सुका पाला पसरला, पाल्यावर गवत. जुनाट रंग यावा म्हणून खाली शेणखताचा थर दिला होता. मधे मधे हिरवंगार दिसायला प्लॅस्टिकची पानं खोचली होती.

भातशेतीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. शेण, त्यावर फांद्या, त्यावर पाला, त्यावर गवत, हे असं एकावर एक अंथरून उन्हाळ्यात जो पेटवतात त्याला राब म्हणतात. त्या भाजलेल्या जमिनीत मग भाताचं रोप चांगलं येतं. आणि दिग्दर्शकाचं निजरान नेमकं खाचराच्या त्या कोपऱ्यात निजलं होतं जिथे येसूबाईचा राब वर्षानुवर्षं व्हायचा.

येसूबाई रोज बांधावर येऊन उभी राहायची आणि मान डोलवायची. “झ्याक,” म्हणायची. “पर वर माती भुरभुरवा रं, नायतर पाला उडंल.” कलादिग्दर्शकाने माती टाकून बघितली. कॅमेऱ्यात ते रान शंभर वर्षं झोपलेलं दिसायला लागलं. तो इतका हरखला की त्याने येसूबाईला विचारल्याशिवाय काडी हलवायची नाही असं फर्मान काढलं. तिला एक खुर्ची मिळाली, गळ्यात अडकवायला एक कार्ड मिळालं. शेजारच्या खुर्चीवर संध्याताई बसायच्या. दोघी मिळून भुईमुगाच्या शेंगा सोलायच्या आणि मंडळाचे लोक बांधावरून ते बघून दात खायचे.

मंडळाचं चाललं होतं साखळी उपोषण. म्हणजे एकाने पोटभर नाश्ता करून बसायचं आणि दुपारी दुसऱ्याने जेवूनखाऊन येऊन त्याला सोडवायचं. अशा रीतीने मंडळ अखंड उपाशी राहिलं आणि कोणाचंही एक जेवण चुकलं नाही. मागणी एकच होती, ‘भस्मीने रान जाळलंच पाहिजे’. घोषणा देऊन झाल्या की मंडळी आपसात भांडायची. निजरानातली झाडं सागाची की सादड्याची यावरून दोन गट पडले. बैल पांढरा की कबरा यावरून तिसरा फुटला. प्रत्येकजण एकच पुस्तक हातात धरून शपथेवर वेगळं रान सांगत होता. पिक्चरवाल्यांनी यातलं कुठलंही केलं असतं तरी उरलेल्यांनी उपोषण केलंच असतं.

खरं उपोषण एकटी दीक्षा करत होती. तिने दुकानात रजा टाकली होती. “भस्मी रान जाळत नाही तोवर मी जेवणार नाही,” हे तिने सगळ्यांसमोर म्हटलं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवून आपापले डबे उघडले. ती मात्र चहापाण्यावर राहिली. येसूबाई भाकरी आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून मांडवात घेऊन यायची.

“खा गं दोन घास.”

“नाही आई.”

“ती पोरगी गोड हाय गं दिसायला. करू दे काम.”

“तुला नाही कळायचं,” दीक्षा म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं. कोणाचा चेहरा आपण वाचवायला बसलोय ते त्या चेहऱ्यालाच कसं सांगायचं? सांगितलं असतं तर आई हसली असती आणि भाकरी पुढे केली असती.

येसूबाई भाकरी तशीच घेऊन परत गेली. त्या दिवशी सेटवर सुट्टी होती. उन्हं कलती झाल्यावर दीक्षाला आई खाचरात वाकून काहीतरी वेचताना दिसली. रात्री दीक्षा घरी गेली तर गोठ्याच्या खुंटीला एक पोतं टांगलेलं होतं, त्यात गच्च भरलेली हिरवी प्लॅस्टिकची पानं. दीक्षाने विचारलं तेव्हा, “गुरांच्या तोंडात जायाची,” एवढंच म्हणून येसूबाई भाताचं आधण बघायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा प्रसंग होता. नायक गाणार, रान जागं होणार. रान उठून उभं राहण्याचं काम पुढे कॉम्प्युटरवर होणार होतं, पण गाणं इथेच व्हायचं होतं. निजलेली पोरं म्हणून कशेळ्याकडच्या वाड्यांतून जीप भरून मुलं आणली होती. खळीवाली भस्मी मात्र गाडीतून उतरायला तयार नव्हती, तिच्या भुवया पुन्हा काढत होते. तिची वाट बघता बघता मुलं कंटाळली. झोपायची तालीम करा असं जागृतीने त्यांना सांगितलं. मुलांनी मंडळाच्या मांडवात, सावलीत, अंग टाकलं आणि खरोखरच झोपून गेली. त्यांच्या शेजारी छत्रीखाली नायकही घोरायला लागला. स्पीकरवर त्याचंच जाग आणणारं गाणं लागलेलं होतं.

येसूबाई आली ती पदर कमरेला खोचून, दीक्षाच्या दुकानातला चष्मा डोळ्यांवर चढवून. आधी मांडवात जाऊन तिने मुलांवरून नजर फिरवली. “सगळी पोरं इथंच हायत ना गं?” तिने जागृतीला विचारलं. जागृती हो म्हणाली. “खाचरात कोण नाय ना?” नाही म्हणाली. खाचराच्या कडेचा पालापाचोळा येसूबाईने आधीच झाडून काढलेला होता. खुर्ची मिळालेली बाई आहे, काहीतरी कलेचं करत असेल, असं समजून कोणी तिला हटकलं नाही. ती वळसा घालून पलीकडच्या अंगाला गेली, मूठभर माती वर उडवून वारा बघितला आणि काडी ओढली.

राबाची आग भडकत नाही. ती वाऱ्याच्या विरुद्ध बोटबोट सरकते, खाली धुमसत, वर धूर काढत. स्पीकरवाल्याच्या लक्षात येईपर्यंत निजरानाची अख्खी एक बाजू काळी पडली होती. मग पळापळ झाली. कलादिग्दर्शक डोक्याला हात लावून मटकन बसला. दिग्दर्शक “पाणी, पाणी,” ओरडत होता आणि येसूबाई त्याच्यावर ओरडत होती, “पाणी नगं रं! राब वाया जाईल! सरक, पाय भाजंल!” हातात अर्धं जळकं लाकूड घेऊन ती धुरातून कडेकडेने चालत होती. ठिणगी बांधाकडे गेली की लाकडाने दाबायची, जिथे विझतंय तिथे उकरायची. कपाळाला आठी पडली होती. आग तिचं ऐकत होती.

दीक्षा मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली. पोटात अन्नाचा कण नसल्याने तिला आधीच गरगरत होतं, त्यात हे. वीस वर्षं जे पान ती उघडत आली होती ते समोर जळत होतं आणि त्यात तिची आई होती. वाकलेली नव्हती. वारा फिरला, धूर मांडवात शिरला, खोकत खोकत मुलं जागी झाली आणि एकेक करून उठून बसली. त्यांच्या पापण्यांवर राख होती. नायकही उठला. त्याच्याही पापण्यांवर राख होती आणि तो “काय झालं, काय झालं,” असं अगदी पुस्तकातल्या राजासारखं विचारत होता. दीक्षाला रडू फुटलं आणि तिने ते आवरलं नाही.

मंडळ थक्क होऊन गेलं होतं. मग मनोजदादांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “पुस्तकात धूर निळसर आहे.”

“आणि भस्मीला चष्मा नाहीये,” दुसरा म्हणाला.

“ती अनवाणी असते. हिच्या पायात चपला आहेत.”

तेवढ्यात संध्याताईंनी शेंगांची टरफलं झटकली आणि त्या उठून उभ्या राहिल्या. “आत्ता आठवलं,” त्या म्हणाल्या. “म्हणून म्हातारी केली होती.”

चौकशी झाली ती पाच मिनिटांत संपली. येसूबाईने दोन्ही हात पसरून सांगितलं, “मला वाटलं राब हाय. आमच्यात असाच घालतात.” गावातल्या कोणालाही विचारा, तो राबच होता. गावातल्यांना विचारलं तर सगळे म्हणाले, राबच होता, आणि चांगला घातला होता, फक्त पेटवायला उशीर केला. कंपनी हतबल झाली. पण कॅमेरावाला शहाणा निघाला. त्याने पळापळीत कॅमेरा बंदच केला नव्हता. दिग्दर्शकाने ते बघितलं, पुन्हा बघितलं, आणि हीच आपली मूळ कल्पना होती असं सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. रान जळणार, गाणं रद्द. मंडळाने विजयाची घोषणा केली आणि उपोषण सोडायला शिरापुरी मागवली. दीक्षाने मात्र मांडवात बसून आईने फडक्यात पुन्हा बांधून आणलेली कालची भाकरी खाल्ली.

त्या वर्षी येसूबाईच्या खाचरात रोप असं तरारून आलं की माणसं वाट वाकडी करून बघायला यायची.

पुढच्या वर्षी पिक्चर लागला. दीक्षा आईला घेऊन कर्जतच्या थिएटरात गेली. मंडळ मागच्या रांगेत पुस्तकं मांडीवर उघडून बसलं होतं. आपली आई पडद्यावर येणार, भस्मी म्हणून, साऱ्या जगाला तीच दिसणार, या कल्पनेने दीक्षा खुर्चीच्या कडेवर सरकून बसली होती. आणि तो प्रसंग आला. धूर, कडेकडेने चालणारी बाई, खोचलेला पदर, लाकडाने ठिणगी दाबायची ती लकब. बाईने मान वर केली आणि गालावर खळी पडली.

कंपनीने कॉम्प्युटरवर तोंड बदललं होतं. अंग येसूबाईचं, हात येसूबाईचे, चपलाही येसूबाईच्या, आणि वर त्या पोरीचं तोंड. थिएटर टाळ्यांनी दणाणलं.

“अगं, ही पोर माझ्यागत चालते की,” येसूबाई कौतुकाने म्हणाली.

दीक्षाला ज्याची भीती होती ते तर झालंच, वर आईच्याच धडावर झालं. घरी आल्यावर येसूबाईने ताटं वाढली. दीक्षाने ताट ढकललं.

“काय झालं गं?”

“त्यांनी तुझं तोंड काढून टाकलं, आई. आणि मला भस्मी म्हणजे तूच दिसायचीस. पहिल्यापासून. पाचवीत वाचलं तेव्हापासून.”

येसूबाई भाकरीचा तुकडा हातात धरून थांबली. “पाचवीत? तवा मी म्हातारी होते व्हय गं?”

दीक्षाला रडता रडता हसू आलं. “तशी नाही गं.”

“तिशी-बत्तिशीची होते मी तवा,” येसूबाई म्हणाली. ती खरंच दुखावली होती. मग जरा वेळाने तिने विचारलं, “पर पोरं उठली ना पिक्चरात?”

दीक्षाने तिच्याकडे बघितलं. गोठ्याच्या खुंटीला ते पोतं अजून टांगलेलं होतं. वर्षभर ती जाता येता ते बघत होती आणि आज पहिल्यांदा तिच्या डोक्यात उजेड पडला.

“आई, तुला खरंच तो राब वाटला होता?”

“राबात पलाष्टिकचा पाला असतो?” येसूबाई म्हणाली. “दिवसभर वेचत होते. कंबर गेली माझी.”

“मग का पेटवलंस?”

“का म्हंजे? पोरं उठंनात आणि तू जेवंना. तुझी जुनीच खोड हाय ती.” तिने ताट पुन्हा दीक्षाच्या पुढे सरकवलं. तिच्या कपाळाला आठी पडली होती. “आज उठली ना पोरं? मग जेव.”

दीक्षाने भाकरी मोडली.